पाण्याच्या हिशेबाचा दुष्काळ

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी. त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती. देश हळहळला, पण त्याच तुटीच्या मराठवाड्यात ऊस कसा उभा राहिला, हा प्रश्न त्या हळहळीत मागे पडला.

अवर्षण ही निसर्गाची करणी. त्याचा दुष्काळ होऊ द्यायचा की नाही, हे बरेचसे समाजाच्या हाती असते. महाराष्ट्राने हे पूर्वीच सिद्ध केले आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो शेतकरी खडी फोडत असताना विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले. नायगाव येथे देवस्थानाची माळजमीन कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली आणि वाहून जाणारे पाणी अडविले. पण त्यांचे खरे कार्य पुढचे. ‘पाणी पंचायती’ने पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडविला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढेच पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. पाणी अडविणे हे अभियांत्रिकीचे काम होते, वाटून घेणे हे धर्मबुद्धीचे.

हिवरे बाजारची कथाही हेच सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हे पर्जन्यछायेतील गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० च्या दशकात श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. शेतीसाठी कूपनलिका खोदायच्या नाहीत, असे ठरविले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी माणसे व गुरे यांच्या पिण्याचे पाणी राखायचे. उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे.

मग असे नियम गावोगावी का रुजले नाहीत? कारण चर खणायला शेजारी एकत्र येतात. पण आपली कूपनलिका आवरायची वेळ आली की पाऊल अडखळते. यात दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आणि कायद्याने ठरलेला दर आहे. तुरीला व ज्वारीला आधारभूत किंमत जाहीर होते, पण त्या दराने खरेदी होईलच याची शाश्वती नसते. कर्जबाजारी माणूस शाश्वतीच्या मागे जातो. गावाने संयम पाळावा, असे वाटत असेल तर शासनाने त्या संयमाचा तोटा एकट्या शेतकऱ्यावर टाकता कामा नये.

पावसाचे रूपही पालटले आहे. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि मातीही वाहून नेली. मोजक्या दिवसांत कोसळणारा पाऊस जमिनीत मुरण्याआधीच निघून जातो. अशा काळात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी मुरविणे जितके आवश्यक, तितकाच मुरलेल्या पाण्याचा हिशेब आवश्यक आहे. तो नसेल तर शेजाऱ्याने मुरविलेले पाणी ज्याची कूपनलिका सर्वांत खोल, तोच उपसून नेईल.

विहिरी वेगवेगळ्या असल्या तरी भूगर्भातील पाणी एकच असते. ते सर्वांचे आहे, हे ज्या गावाला उमगते, त्या गावात अवर्षण येते. पण रेल्वेच्या टाकीची वाट पाहण्याची वेळ येत नाही.