चेंबरचे पॅकिंग आणि आपला जमाखर्च

पिकअप गाडीच्या एका पॅकिंगवर कॉलेजच्या अंकात लेख यावा, याचे काही वाचकांना हसू येईल. परंतु हुबळी-धारवाड हे वाहतुकीवर वाढलेले जुळे शहर आहे. विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरू केलेला धंदा पुढे हुबळीतून देशभर पसरला. धारवाडात टाटा मोटर्सचा कारखाना आहे. अमरगोळच्या एपीएमसी बाजाराबाहेर उभे राहून पाहावे. लहान मालगाड्यांची रांग संपत नाही. म्हणून हा विषय गॅरेजाइतकाच वाणिज्य शाखेचाही आहे, असे मला वाटते.

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे जे पात्र असते, त्याला आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. उष्णतेने ते कालांतराने कडक होते, आक्रसते आणि ऑइल पाझरू लागते. घरी आपण म्हणतो, “ऑइल गळतंय.” गॅरेजात म्हणतात, “आइल सोरतैती.” पुढचा सल्ला मात्र दोन्ही भाषांत एकच असतो : वरून थोडे ऑइल घाला आणि गाडी चालू द्या!

आता साधा हिशेब करू. मिनिटाला एकच थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे धरले, तर दिवसाला ७२ मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरांहून अधिक ऑइल जमिनीवर जाते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे मराठीत म्हणतात. कन्नडमध्ये ‘हनि हनि कूडिदरे हळ्ळ’. या दोन्ही म्हणी आपण बचतीसाठी पाठ केल्या. नुकसानही त्याच वाटेने साचते, हे मात्र विसरलो.

आणि हे नुकसान केवळ ऑइलच्या किमतीचे नाही. चेंबरमधले ऑइल पंप ओढून घेतो आणि बेअरिंगांना पुरवतो. पातळी खाली गेली आणि भरल्या गाडीने अंकोल्याच्या वाटेवर अरबैल घाट धरला, तर चढ-उतारात ऑइल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. मग पॅकिंगचे काम क्रँकपर्यंत जाते.

तर मग पॅकिंग बदलावे, यात अवघड ते काय? अवघड आहे ते घाई न करणे. आधी इंजिन धुऊन पुसून, थोडे चालवून, गळती नेमकी कुठली ते पाहावे लागते. कारण वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून उतरलेले ऑइलही चेंबरवरूनच टपकते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर घ्यावी लागते. चेंबर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर कडेला ओरखडा पडतो आणि तिथूनच पुन्हा गळती सुरू होते. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडावा लागतो. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी दबलेली असेल, तर ती ठोकून सपाट करावी लागते. बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळायचे असतात. जोर जास्त झाला तर नवे पॅकिंगच चिरडते. इंजिनाचा श्वास सोडणारी नळी तुंबली असेल, तर आतला दाब वाढून चांगले पॅकिंगही पाझरते.

याउलट घाईचे काम कसे होते? जुन्यावरच भरपूर बॉण्ड चोपडायचा, बोल्ट करकचून आवळायचे आणि बॉण्ड वाळण्याआधी ऑइल भरायचे. आत ओघळलेला बॉण्ड सुटून पंपाच्या जाळीत अडकू शकतो, याचा विचार कोणी करीत नाही.

माझ्या काकांच्या पिकअपचे पॅकिंग एका वर्षात दोनदा असेच ‘झाले’. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी दीड दिवस ठेवून घेतली. पॅकिंगच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी जास्त कशी, असे काकांनी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पॅकिंग दुकानात मिळतं. साफ करायला लागलेला वेळ मिळत नाही.” त्यानंतर गाडीखालची फरशी कोरडी आहे.

आम्ही वर्गात शिकतो की अशी दुरुस्ती हा महसुली खर्च. तो नफा-तोटा खात्यात त्याच वर्षी लिहावा. पण न केलेल्या दुरुस्तीची नोंद कोणत्या खात्यात होते? कोणत्याच नाही! उलट यंदाचा नफा तेवढा फुगलेला दिसतो. आपण ज्याला काटकसर म्हणतो, ती पुष्कळदा पुढच्या वर्षावर ढकललेली उधारी असते.

मालकाची अडचण मला ठाऊक आहे. गाडी एक दिवस उभी राहिली की भाडे बुडते. बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून तो “संध्याकाळपर्यंत द्या” म्हणतो आणि मिस्त्रीला बॉण्डची नळी हातात घ्यावी लागते. अर्थात दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. ज्या कामाला आपण वेळही देत नाही आणि दामही देत नाही, ते चांगले होईल कसे?

यावर उपाय फार मोठा नाही. बिलात सामान आणि मजुरी वेगळी लिहावी. दर महिन्याच्या भाड्यातून दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला काढावी. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून ठेवावे व ते गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला द्यावे. आणि आपल्या वाणिज्य मंडळाने व्याख्यानासाठी बँकेच्या अधिकाऱ्यांबरोबर एखाद्या वर्षी गोकुळ रोडच्या एखाद्या मिस्त्रींनाही बोलवावे. ते कन्नडमध्ये बोलोत वा मराठीत. घसारा म्हणजे काय, हे त्यांच्या काळ्या हातांकडे पाहून आपल्याला अधिक लवकर कळेल.