परदुःख शीतल, पण का?

"हल्लीच्या मुलांना कुणाचं काही पडलेलंच नसतं." होस्टेलच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हे वाक्य ठरलेलं. कुणीतरी दोन दिवस तापाने खोलीत पडून होतं आणि शेजारच्या खोलीला पत्ताच नव्हता, की पुन्हा तेच. मला हे निदान चुकीचं वाटतं. माया आपल्यात आहे, टेन्शन तिला वर येऊ देत नाही. माझं मराठी कॉन्व्हेंटचं असलं तरी हा मुद्दा मराठीतूनच मांडायचा आहे.

२००४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला. बाईला स्कॅनरमध्ये झोपवलं आणि कधी तिच्या, तर कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला शॉक दिला. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी रूमवर करून बघू नये.) त्याला शॉक बसणार हे कळलं की तिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग, स्वतःच्या शॉकला व्हायचे तसेच, जागे व्हायचे. हातावर नेमकं कुठे लागलं हे सांगणारा भाग मात्र गप्प. आमच्या मेसच्या मावशी 'जीव कळवळला' म्हणतात, ते शब्दशः खरं निघालं की!

पण ते जोडीदार होते. परक्यांचं काय? कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत जेफ्री मोगिल यांच्या ग्रुपने २०१५ साली हेच तपासलं. सोबतच्या ओळखीच्या उंदरालाही दुखत असेल तर उंदराचं स्वतःचं दुखणं वाढतं. सोबती अनोळखी असेल तर नाही. मग त्यांनी मेटिरापोन हे औषध दिलं, जे शरीरात स्ट्रेस हॉर्मोन तयार होऊ देत नाही. झालं, परक्याचंही दुखणं लागायला लागलं! कॉलेजच्या मुलांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलं, तिथेही तेच. समोर मित्राचा हात पाण्यात असला तर आपला जास्त दुखतो. परक्याचा असला तर फरक नाही, आणि औषध दिलं की फरक पडतो. म्हणजे अनोळखी माणूस जवळ असण्याचा ताणच आड येतो.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. दोन परक्यांना १५ मिनिटं 'रॉक बँड' हा व्हिडिओ गेम एकत्र खेळू दिला, तेव्हा औषधाशिवायही तोच परिणाम दिसला.

आता आपल्याकडे बघा. एफईची पोरं येतात, पहिल्याच दिवशी रॅगिंग करणार नाही असं लिहून देतात, पालकही सही करतात. नियम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे काय? त्यांची विंग वेगळी, मेसची वेळ वेगळी, आणि रात्री नऊला कॉमन रूमला कुलूप. मग सबमिशन, व्हायवा, इंटर्नल. ताण भरपूर आणि शेजारी वर्षभर अनोळखी. ताप आलेल्याची हाक कुणाला ऐकू जाणार?

एका प्रयोगावरून होस्टेल चालवता येत नाही, असं सर म्हणतील. मान्य. उंदरांत आणि आपल्यात फरक आहे (मेसचं जेवण सोडलं तर). पण पहिल्या महिन्यात मेसची वेळ एक करायला आणि कॉमन रूम अकरापर्यंत उघडी ठेवायला पैसा लागत नाही. आतल्या कॅरमच्या चार सोंगट्या हरवल्यात, त्या आम्ही वर्गणी काढून आणू. किल्ली तेवढी रेक्टर सरांकडे आहे.