उतरायचे बोईसरला

आपल्या तारापूरला रेल्वे स्टेशन नाही. अणुवीज केंद्र तारापूरचे, औद्योगिक वसाहत तारापूरची. पण गाडीतून उतरायचे बोईसरला! नुसते नाव ठाऊक असून भागत नाही, जागाही ठाऊक लागते. संगणकाचेही तसेच.

आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची दृष्टी गेली आहे. साठ वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिकात छापून आलेला आपला लेख त्यांना ऐकायचा होता, आणि तोही मनात येईल तेव्हा, कुणाची मनधरणी न करता. पानांचा पार पापड झालेला. छापील अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' ही आज्ञावली २००५ पासून सर्वांना खुली आहे. तिला मराठीही वाचता येते. बोईसरच्या एका विद्यार्थ्याने काम अंगावर घेतले.

प्रयोगशाळेतल्या लिनक्स यंत्रावरची आवृत्ती जुनी, आणि मुख्य पासवर्ड दुसऱ्याच्या हाती. म्हणून त्याने मूळ संहिता आणून आपल्याच खात्यात नवी बांधायला घेतली. टेसरॅक्टला 'लेप्टोनिका' ही चित्रे हाताळणारी लायब्ररी लागते. दोघींना सांधतो तो लिंकर. त्याला द्यायच्या सूचना म्हणजे फ्लॅग: लहान 'एल' लावून लायब्ररीचे नाव, मोठा 'एल' लावून तिची जागा.

बांधणी निर्वेध झाली. आज्ञावली सुरू केली, तर उत्तर आले: लेप्टोनिका सापडत नाही!

"सर, आत्ताच तर पत्ता दिला होता हिला!"

खुबी इथेच आहे. मोठ्या 'एल'ने दिलेला पत्ता सांधण्यापुरताच. आज्ञावलीत मागे उरते ते फक्त नाव. चालवतेवेळी शोधणारा लोडर निराळा. तो आपल्या ठरलेल्या जागा पाहतो आणि हात हलवीत परततो. सोयरीक जमवताना मध्यस्थाला घर दाखवले, म्हणून वरातीतल्या बँडवाल्याला ते कसे ठाऊक असणार? मुख्य अधिकार असते तर 'एलडीकॉन्फिग' चालवून साऱ्या यंत्राला जागा कळवता आली असती. दर वेळी 'एलडी लायब्ररी पाथ' सांगत बसणे म्हणजे रोज वाटाड्या सोबत नेणे. पोराने 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये 'आरपाथ' घातला आणि पुन्हा बांधणी केली. आता पत्ता आज्ञावलीच्या पोटातच लिहिलेला!

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या रुक्ष आवाजात बाईंनी लेख ऐकला आणि तीन चुका काढल्या. दोन यंत्राच्या निघाल्या, तिसरी साठ वर्षांपूर्वीच्या कंपोझिटरची.

"तेव्हाही मी त्याला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.