मन दुखावणारे वाक्य

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून काय खाली येईल, याचा नेम नसतो. यंदा माझीच एक चूक खाली आली. आमच्या कॉलेजच्या नियम-समितीवर असताना मी स्वहस्ते लिहिलेले वाक्य : ‘कोणाचेही मन दुखावेल असे बोलणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा होईल.’ सभेत सर्वांनी माना डोलावल्या होत्या. हेतू वाईट नव्हता, वाचकहो! जातीवरून टोमणे ऐकून एक मुलगी वर्गात येईनाशी झाली होती.

पण हेतूचे काय सांगावे? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचाही चांगलाच होता. १९८७ साली तेथे कृष्णवर्णीयांविरुद्ध एक हिडीस पत्रक निघाले, विद्यार्थ्यांच्या रेडिओवर त्यांची टवाळी झाली. १९८८ मध्ये विद्यापीठाने नियम केला : वंश, धर्म, लिंग वगैरेंवरून कोणाला हिणवणारे बोलणे शिक्षेस पात्र.

आता गंमत पाहा. दंतवैद्यकाच्या वर्गात अडचणींची चर्चा चालली होती. एक विद्यार्थी म्हणाला, अल्पसंख्याकांना या वर्गात न्यायाने वागवत नाहीत असे ऐकतो. त्याला हे सांगितले होते त्याच्या खोलीतल्या सोबत्याने, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय, तेथेच शिकलेला! शिकवणाऱ्या बाईही अल्पसंख्याक. त्यांनी तक्रार केली. पोराला समज मिळाली आणि त्याने माफीचे पत्र लिहून दिले.

पुढे मानसशास्त्राचा एक विद्यार्थी नाव गुप्त ठेवून कोर्टात गेला. स्त्री-पुरुषांतील जैविक भेदांविषयीचे सिद्धांत वर्गात मांडले तर आपण गुन्हेगार ठरू काय, ही त्याची धास्ती. १९८९ मध्ये न्यायाधीश एव्हर्न कोन यांनी बोलण्यावरचे ते निर्बंध रद्द केले : फार व्यापक आणि फार संदिग्ध. शारीरिक वर्तनावरचे मात्र कायम राहिले.

हे वाचले आणि मला आमची ती मुलगी आठवली. उद्या तीच वर्गात उठून म्हणाली असती, “इथे आम्हाला न्याय मिळत नाही,” तर एखाद्या प्राध्यापकाचे मन नक्कीच दुखावले असते. माझ्या वाक्याने पहिली शिक्षा तिलाच झाली असती!

यंदा नियम पुन्हा छापायचे आहेत. मी ते वाक्य खोडून लिहिले : ‘जातीवरून कोणाचा पाणउतारा करणे, धमकावणे, वाट अडवणे, सतत पाठीस लागणे.’ वाक्य लांबले खरे. पण त्यात ती मुलगी आता सापडत नाही.