प्रभारी खुर्चीचा ताळेबंद

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एखाद्या पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर आणावी. शाखाधिकारी प्रकृतीच्या कारणाने सहा महिन्यांच्या रजेवर जात आहेत. संध्याकाळी व्यवहार बंद झाल्यावर मुख्य कार्यालयातून आलेले अधिकारी शाखेतील सर्वांत अनुभवी उपाधिकाऱ्याला बाजूला घेऊन सांगतात, "उद्यापासून शाखा तुम्हीच सांभाळा. पद प्रभारी राहील. वेतनात तूर्त बदल करता येणार नाही. पण संस्था तुमची आठवण ठेवील." हा गृहस्थ घरी परततो तेव्हा त्याच्या मनात आनंद आणि धास्ती दोन्ही असतात. वीस वर्षांच्या निष्ठेची दखल घेतली गेली, हा आनंद. मुलगी बारावीला आहे, आईची औषधे सुरू आहेत आणि रोजचे दोन तास आता घरातून वजा होणार, ही धास्ती. पत्नी पानावर वाढता वाढता एकच प्रश्न विचारते, "आठवण ठेवतील असे म्हणाले, ते कुठे लिहून दिले आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी शब्दांचे अर्थ स्वच्छ करून घ्यावे लागतात, कारण फसगत बहुधा शब्दांतूनच होते. पदोन्नती म्हणजे वरचे पद, त्याची वेतनश्रेणी आणि ज्येष्ठता यांसह मिळालेला हक्क. स्थानापन्न नियुक्ती म्हणजे मूळ पदावरील हक्क कायम ठेवून काही काळ वरच्या पदावर केलेली नेमणूक. अतिरिक्त कार्यभार म्हणजे स्वतःचे काम सांभाळून दुसऱ्याही पदाचे काम पाहणे. आणि नुसते 'दैनंदिन काम पाहा' असे सांगितले गेले, तर ती कोणतीच नियुक्ती नव्हे. ती केवळ व्यवस्था आहे. घरी पेढे आणताना हे चारही प्रकार सारखेच गोड लागतात. महिनाअखेरीस मात्र त्यांतील अंतर कळते.

शासकीय सेवेत हे अंतर नियमांनी आखून दिलेले आहे. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतील नियम 49 प्रमाणे दोन पदे एकाच वेळी सांभाळणाऱ्याला, कार्यभार 45 दिवसांहून अधिक चालल्यास आणि इतर अटी पूर्ण होत असल्यास, अतिरिक्त पदाच्या गृहीत वेतनाच्या कमाल 10 टक्के रक्कम मिळू शकते. परंतु केवळ दैनंदिन कामकाज पाहण्यास सांगितले असेल, तर काहीही मिळत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 मधील नियम 56 ही याच विषयाशी संबंधित आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या 1979 च्या अधिकारी सेवा विनियमांतही वरच्या श्रेणीतील पदाचे काम ठरावीक दिवस करणाऱ्यासाठी स्थानापन्न भत्त्याची तरतूद झाली. याचा अर्थ असा की, जेथे लेखी नियम आहेत तेथे 'वेतनात बदल होणार नाही' हे वाक्य ऐकल्यावर मान डोलावण्यापूर्वी नियमपुस्तिका उघडून पाहणे, हे कर्मचाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

सर्वोच्च न्यायालयासमोरही हा प्रश्न अनेकदा आलेला आहे. 1991 च्या एका निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, खालच्या पदावरील अधिकाऱ्यास वरच्या पदाचे काम पाहण्यास सांगितले, म्हणजे त्याची पदोन्नती झाली असे होत नाही. याची दुसरी बाजू 1998 मध्ये चंदीगड प्रशासनातील एका कनिष्ठ अभियंत्याच्या प्रकरणात पुढे आली. वरच्या पदावर काम केले तरी वरच्या वेतनाची मागणी करणार नाही, असे हमीपत्र त्याच्याकडून घेतल्याचा बचाव प्रशासनाने केला होता. असा करार कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरेल, असे म्हणत न्यायालयाने तो बचाव नाकारला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की बोध होतो तो असा: प्रभारी काम केल्याने पद आपोआप मिळत नाही, पण नेमणुकीचा आदेश हाती असेल, तर केलेल्या कामाचा मोबदला मागण्यात लाज वाटण्याचेही कारण नाही. मात्र हे निकाल शासकीय सेवेतील आहेत. पतसंस्था, खासगी पेढी किंवा कारखाना यांतील नोकरदाराचा आधार म्हणजे त्या संस्थेचे सेवानियम आणि त्याच्या हातातील पत्र.

मग बिनपगारी प्रभारी पद स्वीकारणे हा मूर्खपणाच समजावा काय? इतिहासाचे उत्तर इतके सोपे नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सिंधमधील हैदराबाद आणि रत्नागिरी येथे मुख्याध्यापक होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांनी काम पाहिले. त्यांची संस्कृतची पाठ्यपुस्तके शाळाशाळांतून चालत होती आणि योग्यतेविषयी शंका नव्हती. तरीही कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा 1873 मध्ये ते पद विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांच्याकडे गेले आणि भांडारकर सहायकाच्या जागेवर राहिले. आज कोणावर असा प्रसंग आला, तर घरात चार दिवस चूल पेटणार नाही.

भांडारकरांनी त्या काळात काय केले, हे नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1874 मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी निबंध पाठविला, तो नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांवर. ज्या डोंगरावरील लेण्यांपैकी एकात ऋषभदेव आणि अंबिका यांच्या मूर्ती आहेत, त्याच डोंगरावरील सातवाहन आणि क्षत्रप राजांचे हे लेख. पुढे डॉ. कीलहॉर्न जर्मनीला परतल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे अध्यापकपद भांडारकरांना लाभले. हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे अहवाल जैन वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही मोलाचे ठरले आणि 1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हंगामी खुर्ची गेली, पण तिच्यावर बसून सिद्ध झालेली योग्यता कोणाला काढून घेता आली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भांडारकरांचे उदाहरण मालकांनी सांगावयाचे नसते. त्यांच्या संयमातून त्यांच्यावर झालेला अन्याय न्याय्य ठरत नाही.

आता थोडे गणित. प्रभारी कामापोटी रोज दोन तास अधिक द्यावे लागतात असे धरले, तर महिन्याच्या 26 दिवसांचे 52 तास होतात. सहा महिन्यांचे झाले 312 तास. आठ तासांच्या दिवसाने भागले, तर 39 दिवस, म्हणजे नेमके दीड महिन्याचे काम. बिनपगारी प्रभारी पद सहा महिने स्वीकारणारा मनुष्य संस्थेला आपला दीड महिन्याचा पगार देत असतो. मूळ वेतन न वाढल्यामुळे भविष्य निर्वाह निधीत भर पडत नाही आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब ज्या अखेरच्या वेतनावर होतो, त्यातही फरक पडत नाही. हे दान असेल तर ते दान म्हणून, समजून-उमजून द्यावे. गुंतवणूक असेल तर परतावा कोणता, हे आधी विचारावे. अनुभवाचे पत्र, पुढील निवडीत त्या अनुभवाचा विचार, प्रशिक्षणाची संधी किंवा बदली रजा हेही परतावेच आहेत. पण ते नावानिशी ठरले पाहिजेत.

वेतनाहूनही मोठा प्रश्न सहीचा आहे. शाखेची सूत्रे घेणारा मनुष्य तिजोरीच्या किल्ल्या घेतो, कर्जमंजुरीच्या कागदांवर सही करतो आणि तपासणीत निघालेल्या त्रुटींना उत्तर देतो. सही करताना नावापुढे 'प्रभारी' लिहिले, म्हणून जबाबदारी प्रभारी होत नाही. म्हणून कार्यभार घेताना रोकड मोजून घ्यावी, तारण सोन्याची पाकिटे नोंदवहीशी ताडून पाहावीत, अनामत खात्यातील जुन्या नोंदी, थकीत कर्जे आणि तपासणी अहवालातील प्रलंबित मुद्दे यांची यादी करावी आणि त्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोन्ही सह्या घ्याव्यात. संकोचापायी हे टाळले, तर आधीच्या कारकिर्दीतील दोष प्रभारी अधिकाऱ्याच्या माथी येतात. तसेच अधिकार कोठपर्यंत आहेत, हेही विचारून घ्यावे. जबाबदारी शाखाधिकाऱ्याची आणि अधिकार उपाधिकाऱ्याचे, अशी स्थिती असेल, तर वेतन वाढवून दिले तरी तो सौदा नुकसानीचाच आहे.

या विषयाला मालकाचीही बाजू आहे आणि या पृष्ठाच्या वाचकांत दुकाने, पेढ्या व संस्था चालविणारे पुष्कळ आहेत. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे. बैलाच्या पाठीवरील गोण्या मोजणारा श्रावक आपल्या मुनीमाच्या टेबलावरील कामेही मोजतो काय? खरोखर अडचण असेल, तर 'तीन महिने सांभाळून घ्या, वाढ देता येत नाही, पण तुमचे जुने काम दुसऱ्याकडे सोपवतो' असे म्हणणारा मालक प्रामाणिक असतो. तीन महिन्यांचे तीन वर्षे होऊ देणारा मालक मात्र दुसऱ्याचे श्रम न विचारता वापरत असतो.

पुन्हा त्या घराकडे वळू. रात्री जेवणे आटोपल्यावर पती-पत्नीने कागद पुढे घेतला. नकार द्यावा असे प्रथम वाटले होते. पण रजेवर गेलेल्या साहेबांनी त्याला काम शिकविले होते, शाखेतील ठेवीदार त्याला नावाने ओळखत होते आणि शाखा चालविता येते की नाही, हे त्याला स्वतःलाही एकदा पाहावयाचे होते. सकाळी त्याने मुख्य कार्यालयास नम्र पत्र दिले. त्यात पाच गोष्टी होत्या: नियुक्तीचा लेखी आदेश व त्याची अंतिम तारीख, मंजुरीच्या अधिकारांची मर्यादा, त्याच्या सध्याच्या कामाची दुसऱ्याकडे सोपवणूक, तीन महिन्यांनी भत्त्याचा फेरविचार, आणि मुदत संपल्यावर मूळ पदावर सन्मानाने परत येण्याची व सेवापुस्तकात या काळाची नोंद होण्याची हमी. मुलीच्या परीक्षेच्या काळात सायंकाळी सहानंतर थांबता येणार नाही, हेही त्याने शेवटी लिहिले. आदेश हाती आला तरच किल्ल्या घ्यायच्या, असे घरात ठरले होते.

असे पत्र लिहिणे उद्धटपणाचे वाटत असेल, त्याने एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून जावे. तेथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापणांचा अक्षय ठेवा गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. रक्कम, दर, ठेव घेणारा आणि व्याजाचा विनियोग, सारे दगडावर कोरलेले आहे. देणारा राजघराण्यातला होता आणि हेतू धर्माचा होता, तरीही शर्ती लिहून ठेवणे कोणाला अपमानाचे वाटले नाही. राजाच्या जावयाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते रविवार कारंज्यावरील उपाधिकाऱ्याला का वाटावे?