आधीच आजारी असलेले मूल

महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयात दाखल झाले. पुढे २०२१ मध्ये, तिसरी लाट मुलांवरच कोसळणार अशी भीती पसरली आणि राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचे कृतिदल नेमले. ते भाकीत खरे ठरले नाही. निरोगी मुलांना हा आजार बहुधा सौम्यच होतो. मात्र ज्यांच्या घरात आधीच आजारी असलेले मूल आहे, त्यांचे या वाक्याने समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

इंग्लंडमध्ये साथीच्या पहिल्या वर्षात १८ वर्षांखालील २५ मुले या विषाणूमुळे दगावली. त्यांपैकी १९ मुलांना पूर्वीपासून दीर्घकालीन आजार होता, आणि मेंदू व मज्जासंस्थेच्या गंभीर व्यंगाची मुले त्यांत सर्वाधिक होती. अशा मुलांना खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो. त्यामुळे साधा संसर्गही त्यांच्या फुफ्फुसांना पेलवत नाही. एकाहून अधिक व्याधी असतील तर धोका आणखी वाढतो. हृदयाचे जन्मजात दोष, कर्करोगाचे उपचार, मधुमेह यांचे भय आपण जाणतोच. लठ्ठपणाचे मात्र आपल्याला कौतुक वाटते! 'गुटगुटीत' म्हणून मिरवले जाणारे मूल खरोखर कोणत्या गटात मोडते, हे वजन-उंचीच्या तक्त्यावर एकदा पाहून घ्यावे.

दम्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नियमित औषधांनी आटोक्यात असलेल्या दम्यामुळे कोरोनाची तीव्रता फारशी वाढत नाही. अनर्थ होतो तो 'पंपाची सवय लागते' म्हणून पंप बंद केल्याने. नेफ्रोटिक सिंड्रोमसारख्या मूत्रपिंडाच्या विकारात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडचेही तेच. प्रतिकारशक्ती घटेल या धास्तीने ते औषध एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. मधुमेही मुलाने तापात जेवण टाकले, तरी इन्सुलिन बंद करू नये. संसर्गात त्याची गरज बहुधा वाढतेच. रक्तातील साखर वारंवार तपासावी, मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. तापल्या अंगाच्या मुलाला सुई टोचताना आईचा हात कचरतो, हे आम्ही जाणतो, तरीही.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्यावा. संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी क्वचित काही मुलांच्या शरीरातील अनेक अवयवांना सूज येते, आणि ही मुले बहुतांशी पूर्वी पूर्ण निरोगी असतात. न उतरणारा ताप, पोटदुखी, उलट्या, अंगावर पुरळ, लाल डोळे अशी लक्षणे दिसतात. खोकला नसल्यामुळे कोरोनाची आठवणच कोणाला होत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गेल्या दीड महिन्यात घरात कोणाला ताप-सर्दी होऊन गेली, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.