गाडीत पाणी येते कुठून?



आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी घरांची चूल गाडीवर पेटते. कोणी काळी-पिवळी चालवतो, कोणी कंपनीला टुरिस्ट गाडी लावतो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो. गाडी बहुधा जुनी घेतलेली आणि तिचा हप्ता चालू. अशा गाडीत पावसाळा लागला की पायाखाली ओल येते, चार दिवसांनी कुबट वास सुटतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडू लागते. मग बाजारातून सीलंटची नळी आणून दिसेल त्या फटीत भरली जाते. पुढच्या सरीला पाणी पुन्हा हजर! म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

नुसत्या वासाचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कारपेटखाली जाड फोम असतो. तो पाणी पिऊन बसतो. वरून कारपेट कोरडे लागते, खाली मात्र पत्रा आठवडेच्या आठवडे भिजत राहतो आणि आतून गंजतो. वायरींचे जोड आणि काही गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक डबे याच जागी, सीटखाली वा पायापाशी असतात. तिथे ओल गेली की कधी सेंट्रल लॉक बंद पडते, कधी डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात. रात्री काचांवर आतून वाफ धरून समोरचे दिसत नाही, हा धोका तर सर्वांत मोठा. ऐन पावसाळ्यात गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहिली, तर घरखर्च आणि हप्ता कशातून भागवायचा?

आम्ही पडलो हिशेबातली माणसे. फरक ज्या पानावर दिसतो त्याच पानावर तो पडलेला असतो असे नाही, हे कारकुनाला ठाऊक असते. पाण्याचेही तसेच आहे. ते एका ठिकाणाहून शिरते, पत्र्याच्या आतून आणि वायरींवरून घरंगळत जाते आणि भलत्याच ठिकाणी उतरते. मागच्या सीटखालचे पाणी पुढच्या काचेतून आलेले असू शकते. तेव्हा आधी वाट शोधावी, मगच पैसा खर्चावा.

प्रथम पाणी कसले आहे ते पाहावे. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर डावीकडच्या पायापाशी स्वच्छ पाणी येत असेल, तर ते एसीचे आहे. एसीचे पाणी बाहेर टाकणारी बारीक नळी तुंबली की ते आत उतरते. नळी साफ केली की काम झाले. पाणी हिरवे किंवा लालसर, बोटांना चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते कूलंट समजावे. ते विषारी असते. जिभेला लावू नये, मुलांना त्यापासून दूर ठेवावे आणि गाडी मेकॅनिककडे न्यावी. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच ओल येत असेल, तर मात्र पुढची तपासणी करावी.

पहिली जागा म्हणजे पुढच्या काचेखालची, वायपरजवळची जाळी. काचेवरचे पाणी इथे उतरते आणि बाजूच्या भोकांतून खाली जाते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पाने, फुले आणि चिखल यांनी ही भोके बुजतात. मग पाणी साचून ब्लोअरच्या वाटेने आत येते. बोनेट उघडून हाताने कचरा काढावा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडते की नाही ते पाहावे. या कामाला एक पैसाही लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

दुसरी जागा दरवाजे. काचेच्या कडेने दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच. ते बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली तर काडीने मोकळी करावीत. आतल्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा काचेचे मशीन दुरुस्त करताना हा कागद फाडून तसाच सोडला जातो. दरवाजाचे काम झाल्यानंतर ओल सुरू झाली असेल, तर आधी हाच कागद पाहावा.

तिसरी जागा दरवाजाचे रबर. कागदाची पट्टी रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढावी. ती सगळीकडे थोडी अडत यावी. जिथे सहज निसटते तिथे रबर दबलेले आहे किंवा दरवाजा नीट बसत नाही. दुसरी युक्ती अशी की रबराला खडू घासून दरवाजा एकदा लावावा. चौकटीवर खडूची रेघ जिथे तुटेल, तिथे फट समजावी.

याशिवाय पुढची-मागची काच, टपावरच्या कॅरियरचे स्क्रू, अँटेनाची जागा, मागच्या दिव्यांची रबरे आणि इंजिनाकडून वायरी जिथून आत येतात तिथले गोल रबर पाहावे. हॉर्न, म्युझिक, जादा दिवे यांसाठी नवी वायर ओढली असेल तर हे रबर हमखास सरकलेले सापडते. डिकीत स्टेपनीखाली पाणी साचले असेल तर संशय दिव्यांवर किंवा डिकीच्या रबरावर घ्यावा.

आता परीक्षा. हे दोघांचे काम आहे. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. घरातल्या बाईमाणसाने किंवा मोठ्या मुलाने मदत केली तरी चालते, पण डिकीत मुलाला बसवून झाकण कधीही लावू नये. पाइप नसेल तर मगाने ओतावे. पिण्याचे पाणी यासाठी घालवू नये, पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवलेले पुरते. पाणी जोरात मारू नये, संथ सोडावे. सुरुवात खालून करावी आणि पाच-दहा मिनिटांनी थोडे वर सरकावे. आधीच टपावर पाणी ओतले तर ते सगळीकडून ओघळते आणि शिरले कुठून ते कळत नाही. आतील माणसाने संशयाच्या जागी जुने वर्तमानपत्र लावून ठेवावे. पहिला डाग कुठे पडतो ते लगेच दिसते.

जागा सापडली की तेवढेच काम करावे. रबर मळले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावे, फाटले असेल तर बदलावे. जुन्या पद्मिनी गाड्यांची काच रबरात बसवलेली असे. त्या टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आताच्या गाड्यांच्या पुढच्या काचा पॉलियुरेथेनने चिकटवतात. त्या कामाला काच बसवणाराच बोलवावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे साधे सिलिकॉन तिथे भरू नये. त्याने पत्रा गंजतो आणि पुढे खरे सीलंट त्यावर धरत नाही. सीएनजी गाडीच्या डिकीत गॅस बाहेर जाण्यासाठी ठेवलेली नळी वा भोक फट समजून बुजवू नये. ते जिवावर बेतेल.

वाट बंद झाल्यावर सुकवणे तितकेच महत्त्वाचे. कारपेट उचलून खालचा फोम पिळून, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवावा. पत्र्यावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावावा. सीटखालचे पिवळे वायरजोड बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये.

जुनी गाडी घेताना हीच नजर ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाड्या पुरात बुडाल्या होत्या. असे पूर आजही येतात आणि बुडालेली गाडी पुसून-पासून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत गाळाची रेघ दिसते का. सीटचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती आहे का, हे पाहावे आणि कारपेटचा कोपरा उचलून हात लावावा. दलाल "चालेल हो" म्हणेल, पण हप्ता आपल्याला भरायचा आहे.

गॅरेजला जावे लागले तरी "गाडीत पाणी येते" एवढेच सांगू नये. कुठे ओतले की कुठे येते, हे कागदावर लिहून न्यावे आणि तेवढेच काम सांगावे. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी त्याच जागी पुन्हा पाणी ओतून, आत बसून स्वतः खात्री करावी. रविवारची सकाळ यात जाईल, पण सोमवारी गाडी धंद्याला लागेल.